दाराजवळची जागा
लडाखच्या एका खेड्यातला माझा पहिला हिवाळा

२०१५ च्या ऑक्टोबरात आईवडील मला झेलम एक्सप्रेसमध्ये बसवून द्यायला भुसावळ स्टेशनवर आले होते. वडील रेल्वेत गँगमन. त्यांची उभी हयात रुळांवर गेली, पण जम्मूपर्यंत जाणाऱ्या या गाडीत ते स्वतः कधी बसले नव्हते. आई सारखी डोळे पुसत होती. वडील तिला म्हणाले, "अगं, रडतेस काय? पोरगी बुद्धाच्या मुलखात चाललीय. तिथं घराघरात बुद्ध आहे. तिला परकं वाटायचं नाही."

वडिलांचे ते वाक्य मी पुढे सारा हिवाळा मनात घोळवत राहिले. ते खरेही ठरले आणि खोटेही ठरले. कसे, तेच या लेखात सांगायचे आहे.

डी.एड. होऊन मला तीन वर्षे झाली होती. आपल्या राज्यात शिक्षकभरती बंद पडलेली. शिकवण्या घेऊन दिवस काढत होते. अशात एका संस्थेमार्फत लडाखमधल्या खेड्यातल्या सरकारी शाळेत वर्षभर मदतनीस शिक्षिका म्हणून जायची संधी आली. मानधन जेमतेम, पण राहण्याजेवणाची सोय गावाकडे होती. मी हो म्हटले.

जम्मूहून श्रीनगर, तिथून झोजिला घाट ओलांडून कारगिल. पुढे मुलबेख गावी रस्त्यालगतच एका उभ्या खडकावर मैत्रेय बुद्धाची भव्य मूर्ती कोरलेली आहे. गाडी चहासाठी थांबली तेव्हा मी खाली उतरून हात जोडले. कोणी शिल्पकार, कोणत्या काळचा, पण हजारो मैलांवरून आलेल्या माझ्यासारखीला त्याने 'ये' म्हटले असे वाटले. त्यानंतर साडेतेरा हजार फुटांवरचा फोतू ला घाट, आणि मग सिंधू नदीचे खोरे.

माझे गाव सिंधूला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी होते. वीस-बावीस घरे, वर टेकडीवर लहानसा गोन्पा, म्हणजे विहार. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथल्या माणसांनी मला लेकीसारखे सांभाळले, आणि जे दुखणे मी सांगणार आहे ते एकट्या त्या गावाचे नाही.

शेण, पाणी आणि बुखारी

पहिले दोन दिवस मला कोणी काही करू दिले नाही. उंचावर हवा विरळ असते. आल्या आल्या धावपळ केली तर डोके दुखते, उलट्या होतात, कधी जिवावरही बेतते. "झोपा, पाणी प्या, चहा प्या," एवढेच घरची माणसे सांगत. मी ज्या घरी राहत होते तिथल्या आईला मी आमा-ले म्हणू लागले, वडिलांना आबा-ले, आजीला आबि-ले. 'ले' म्हणजे आपला 'जी'. आणि 'जुले' म्हणजे नमस्कार, आभार, निरोप सगळेच. आपल्या जयभीमसारखा हा एक शब्द मला पहिल्या दिवशी आला आणि त्यावर पहिला आठवडा निघाला.

नोव्हेंबर संपता संपता ओढा गोठला. शाळेचा नळ त्याआधीच बंद पडला होता. गावाच्या वरच्या अंगाला एक झरा हिवाळ्यातही वाहता राहतो. पाठीवर प्लॅस्टिकचे कॅन बांधून तिथून पाणी आणायचे. वाटेत सांडलेल्या पाण्याचा लगेच बर्फ होतो, आणि त्यावरून पाय घसरला की कॅनसकट माणूस खाली. पहिल्या आठवड्यात मी चारदा पडले. रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरे. उशाशी ठेवलेले पाणी सकाळी दगड झालेले असे. शाई गोठे, बॉलपेन चालेना. मुले पेन काखेत धरून गरम करीत आणि मग चार ओळी लिहीत.

शेणाची किंमत मला तिथे कळली. सगळा उन्हाळाभर डोंगरावर हिंडून याक-गाईंचे वाळलेले शेण गोळा करतात, घराच्या गच्चीवर रचून ठेवतात. ते, थोडी विलो आणि पॉपलरची लाकडे, यावर हिवाळा निघतो. सरपण बुखारीत, म्हणजे धुराड्याच्या लोखंडी शेगडीत, जाळतात. हिवाळ्यात सगळे घर एका स्वयंपाकघरात राहते. जेवायला थुक्पा, स्क्यू, कधी सातूचे पीठ मीठ-लोण्याच्या चहात कालवून केलेला खोलक. बटाटे, गाजरे, सलगम जमिनीत खड्डा करून पुरून ठेवलेले. एकेक दिवशी मेथीच्या भाजीच्या आठवणीने माझे डोळे भरून येत.

आपल्यातली कितीतरी मुले सैन्यात, रस्तेबांधणीच्या कामावर लडाखला असतात. त्यांच्या घरच्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्या. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिमकार्ड तिथे मला चालले नाही. गावात रेंजही नव्हती. गोबा म्हणजे गावप्रमुख, त्यांच्या घरच्या उपग्रहावर चालणाऱ्या फोनवरून मी पंधरा दिवसांनी एकदा घरी बोले. तेव्हा चार दिवस फोन आला नाही म्हणून आईने उपास धरू नये. दुसरे, खोली बंद करून शेगडी पेटवून झोपू नये. धूर दिसला नाही तरी विषारी वायू साचतो आणि झोपेतच घात होतो. धुराडे साफ आहे ना, हवेला फट आहे ना, हे रोज पाहावे. हे मला आबा-लेंनी पहिल्याच रात्री दाखवले.

क ख ग ङ

शाळेत अकरा मुले, एक स्थानिक मास्तर आणि मी. भिंतीवर कुशोक बकुला रिंपोछे यांचा फोटो होता. लडाखच्या शिक्षणासाठी झटलेले हे भिक्खू लोकसभेचे सदस्य होते आणि पुढे मंगोलियात दहा वर्षे भारताचे राजदूत राहिले.

लडाखी मुलांच्या शिक्षणाची कहाणी ऐकून मला आपलीच कहाणी आठवली. घरी बोली लडाखी. सरकारी शाळेत पूर्वी आठवीपर्यंत उर्दू माध्यम आणि नववीला एकदम इंग्रजी. दहावीला शंभरातली पाचेक मुले पास व्हायची. मग सगळे म्हणायचे, ही मुलेच ढ! १९८८ साली लडाखच्याच काही शिकलेल्या तरुणांनी 'सेकमॉल' ही संस्था काढली आणि विचारले की मुले नापास होतात की शाळा नापास होते? १९९४ पासून त्यांनी सरकार आणि गावकरी यांना बरोबर घेऊन शिक्षकांना प्रशिक्षण, मुलांना समजतील अशी पुस्तके आणि गावोगावी शिक्षण समित्या असे काम उभे केले. निकाल पुष्कळ सुधारले. 'तुम्हाला विद्या येणारच नाही' असे ज्यांना सांगितले गेले, त्यांनी स्वतःच उत्तर शोधले. ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

माझी अडचण वेगळी होती. मुलांना माझे हिंदी अर्धेच कळे, मला त्यांचे लडाखी कळेना. पुस्तकात आगगाडी, नारळ, समुद्र. यातले त्यांनी काही पाहिलेले नाही. मी गँगमनची मुलगी, म्हणून आगगाडी तेवढी झोकात शिकवली. फळ्यावर चोवीस डबे काढले. एका मुलाने विचारले, "मॅडम-ले, एवढी घरे एकामागे एक चालतात, मग गुरे कुठे बांधतात?"

एके दिवशी मी सहज फळ्यावर आपली अक्षरे लिहिली. क, ख, ग. मुले हसू लागली आणि एकसुरात पुढे म्हणाली, "ङ!" त्यांची भोटी लिपी त्याच क्रमाने चालते. क ख ग ङ, च छ ज ञ, त थ द न, प फ ब म. आपले घ, झ, ध, भ त्यात नाहीत. सातव्या शतकात थोन्मी संभोट नावाचा तिबेटी विद्वान भारतात आला, इथल्या अक्षरांवरून त्याने ही लिपी बसवली, अशी परंपरा आहे. बुद्धाचा धम्म वाचता यावा म्हणून अक्षरे हिमालय ओलांडून गेली! मी त्यांची अक्षरे गिरवू लागले, ती माझी. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे झालो.

कोटातले रिंपोछे

माझ्या खोलीत मी तथागतांची तसबीर आणि शेजारी बाबासाहेबांची तसबीर लावली होती. आबि-लेंनी ती पाहून विचारले, "हे कोणते रिंपोछे? कोट घातलेले?" मी म्हटले, "हे आमचे बोधिसत्त्व. यांनी आम्हाला बुद्ध दिला." त्यांनी हात जोडून तसबिरीला मस्तक टेकले. पुढचे काही त्यांनी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही. हे न सांगणे मला पुढे टोचणार होते.

त्या वर्षी ५ डिसेंबरला गालदन नामचोतचा सण आला. थोर आचार्य त्सोङखापा यांच्या स्मरणार्थ घराघरावर, गोन्पाच्या गच्चीवर तुपाचे दिवे लावतात. काळ्या डोंगराच्या पोटात ती दिव्यांची रांग पाहून मी थक्क झाले. दुसऱ्या दिवशी ६ डिसेंबर. माझी माणसे चैत्यभूमीवर रांगेत उभी असतील आणि मी इथे एकटी, म्हणून मी खोलीत त्रिसरण-पंचशील म्हणत बसले होते. दार ढकलून आमा-ले आत आल्या. आदल्या रात्रीचा एक दिवा त्यांनी राखून ठेवला होता. "तुमच्या रिंपोछेंचा आज दिवस आहे ना?" म्हणून त्यांनी तो तसबिरीपुढे ठेवला. मी फोनवर आईजवळ तारखेबद्दल रडले होते, ते त्यांनी ऐकले होते. वडिलांचे वाक्य त्या रात्री शंभर टक्के खरे होते.

पंगत

आठवड्याने लोसर, म्हणजे लडाखी नवे वर्ष आले. तिबेटी नववर्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. लडाखमध्ये ते दोन महिने आधी. सतराव्या शतकात जमयांग नामग्याल राजा लढाईला निघाला, परतण्याची खात्री नव्हती म्हणून सण आधीच केला, तेव्हापासून ही चाल, असे सांगतात. रात्री पेटत्या मशाली घेऊन मुले ओरडत गावाबाहेर धावतात आणि जुन्या वर्षाची पीडा फेकून देतात.

गोबांच्या घरी सगळे गाव जमले. भिंतीलगत पंगत मांडली होती. तिला 'डल' म्हणतात. वरच्या टोकाला गोन्पाचे लामा, मग मोठ्या घरांतली वडीलधारी, मग बाकीचे वयाप्रमाणे, मानाप्रमाणे. मला लामांच्या जवळ, वर बसवले. शिक्षिकेचा तो मान होता. खरे सांगते, मला तो आवडला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला पंगतीत वर बसवत होते.

चहाचे दोन घोट झाले आणि माझी नजर दाराकडे गेली. ढोल आणि सनई वाजवणारे दोघे आणि गावचा लोहार दाराशेजारी, थंडीच्या झोताजवळ, बसले होते. त्यांच्यापुढे पंगतीतले नक्षीदार चौरंग नव्हते. पेले त्यांनी गोंछ्याच्या खिशातून आपले आपण काढले.

मी शेजारच्या बाईंना विचारले. त्या सहज म्हणाल्या, "ते मोन, वाजवणारे. तो गारा, लोहार. ते तिथेच बसतात."

लडाखमध्ये मोन, बेडा आणि गारा असे तीन समाज आहेत. मोन आणि बेडा वाजवणारे, गारा लोखंडकाम करणारे. बाकीचे त्यांच्याशी लग्नसंबंध करीत नाहीत आणि पेल्याला पेला लावीत नाहीत. १९८९ साली लडाखच्या जमातींना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, त्या यादीत हे तिघेही आहेत. कागदावर सगळे एकाच यादीत. पंगतीत मात्र वेगळे. लडाखमधल्याच शिकल्यासवरलेल्या कितीतरी लोकांना हे खुपते आणि ते तसे बोलूनही दाखवतात. पण खेड्यातली पंगत बोलण्याने हलत नाही.

घरी परतल्यावर मी स्वयंपाकघरातल्या सुंदर लोखंडी चुलीकडे पाहिले. तिला ठाब म्हणतात; घराचे वैभव तेच. पितळी नक्षीची ती चूल कोणी घडवली, असे मी विचारले. आबा-ले म्हणाले, "त्या लोहाराच्या बापाने." ज्या चुलीशेजारी त्याला बसता येत नाही, ती चूल त्याच्याच घरची! आणि भिंतीवर बुद्ध होता. मला झोप लागली नाही.

माझी चूक

लोसरनंतर शाळेला दोन महिने सुट्टी लागते. पण गावच्या समितीने ठरवले की मॅडम आहेत तर हिवाळी वर्ग चालवावा. प्रत्येक मुलाने रोज एक गोवरी किंवा लाकूड आणायचे, बुखारी पेटवायची, दुपारी आळीपाळीने एका घरातून चहाचा थर्मास यायचा.

अकरा मुलांत लोहाराची मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची. गणितात सगळ्यांच्या पुढे. ती दाराजवळ बसे. मी आजवर समजत होते की लाजाळू आहे! चहा आला की ती आपला पेला दोन्ही हातांनी लांबून पुढे करी, आणि वाढणारी मोठी मुलगी थर्मास उंच धरून वरून धार सोडी.

ती धार पाहिली आणि मला साताऱ्याची शाळा दिसली. गोणपाटावर बसलेले लहानगे भीमराव, आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय तहान न भागणारे. माझे भान सुटले. मी सगळ्यांवर ओरडले. त्या मुलीचा हात धरून तिला बुखारीजवळ, गोबांच्या नातवाशेजारी आणून बसवले. म्हटले, "आजपासून तू इथेच बसायचे!"

ती रडू लागली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने मला आत घेतले, पण बसायला सांगताना ती अवघडली. मग म्हणाली, "मॅडम-ले, तुम्ही वर्षभराने निघून जाल. आम्हाला इथेच राहायचे आहे. तुम्ही रागावलात, पण लोक राग आमच्यावर काढतील."

त्या माउलीने मला एका वाक्यात धडा दिला. मी तिच्या लेकीला विचारले नव्हते, आईबापाला विचारले नव्हते. माझ्या रागासाठी मी त्या पोरीला सगळ्यांपुढे उभे केले होते. हक्क मिळवून देतो म्हणताना आपण कधी कधी ज्याचा हक्क त्यालाच विसरतो. मी तिची क्षमा मागितली. मग विचारले, "मला चहा द्याल?" ती थांबली. नवऱ्याकडे पाहिले. त्याने मान हलवली. त्यांच्या पेल्यातून मी मीठ-लोण्याचा चहा प्याले. तीन वेळा, तिथल्या रिवाजाप्रमाणे.

लहान गावात गोष्ट माझ्याआधी घरी पोचली. त्या रात्री आमा-लेंनी मला चुलीजवळ बोलावले नाही. माझे ताट वेगळ्या चौरंगावर ठेवले. कोणी एक वाकडा शब्द बोलले नाही. तेच जड होते. दुसऱ्या दिवशी वर्गात पाचच मुले आली. बुखारीत पाचच गोवऱ्या पडल्या आणि अकरा वाजता ती विझली. झोजिला बंद, रस्त्यावर बर्फ, सरपण त्यांचे, पाणी त्यांचे, अन्न त्यांचे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी गाव बहिष्कार टाकायचा तेव्हा काय वाटत असेल, ते मला त्या पाच दिवसांत थोडेसे कळले. थोडेसेच, कारण माझे ताट वेगळे झाले तरी ते रिकामे कधी आले नाही.

सावित्रीमाई आणि शेणाच्या गोवऱ्या

३ जानेवारी आली. सावित्रीमाईंची जयंती. पाच मुलांपुढे मी गोष्ट सांगितली. १८४८ साली पुण्यात जोतिबांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीमाई शिकवायला निघाल्या की लोक त्यांच्या अंगावर शेण फेकीत. त्या दुसरे लुगडे बरोबर नेत आणि शाळेत जाऊन बदलत.

मुले चकित झाली. पण भलत्याच गोष्टीने! एकाने विचारले, "शेण फेकले? फुकट?" दुसरी म्हणाली, "मग त्यांनी ते वाळवून बुखारीत घातले असेल ना?" मी पाच दिवसांनी पहिल्यांदा पोट धरून हसले. म्हटले, "होय रे बाबांनो. त्या शेणावरच आमची बुखारी आजवर पेटली आहे."

ही गोष्ट मुलांनी घरोघर नेली. रात्री आबि-ले माझ्या खोलीत आल्या. प्रार्थनाचक्र फिरवत बराच वेळ गप्प बसल्या. मग विचारले, "त्या बाई तुमच्या कोण? तुम्हीही गारा आहात का?"

आता मात्र मला लपवता येणार नव्हते. मी सांगितले. आबि-ले, तुमच्या पंगतीत गारा निदान दाराच्या आत बसतो. माझ्या पणजोबांना दाराच्या बाहेरही उभे राहता येत नव्हते. गावच्या पाणवठ्याला हात लावता येत नव्हता. या कोटातल्या माणसाने आम्हाला तिथून उठवले आणि १९५६ साली नागपूरला लाखो लोकांना बुद्धाकडे नेले. का? तर बुद्धाच्या घरात कोणी दाराजवळचा नसतो म्हणून. तुम्ही मला वर बसवलेत तेव्हा मी हे सांगितले नाही. ती माझी चूक झाली.

आबि-ले काही बोलल्या नाहीत. फार वेळाने म्हणाल्या, "चला, चहा गार होतो." आणि मला चुलीजवळ घेऊन गेल्या. किटली तीच होती, आणि त्यांनी आधी माझा पेला भरला, मग स्वतःचा.

उपालीची गोष्ट

दुसऱ्या दिवशी मी गोन्पात गेले. लामांना विचारले, "उपालीची गोष्ट तुमच्या ग्रंथांत आहे का?" उपाली शाक्यांचा न्हावी. शाक्य राजकुमारांच्या आधी त्याला प्रव्रज्या मिळाली आणि मागून आलेल्या राजकुमारांना त्याच्यापुढे वाकावे लागले. पुढे विनयाचा सर्वांत मोठा जाणकार तोच झाला. लामा हसले. म्हणाले, "आहे तर. विनय शिकताना आम्ही त्यांचेच नाव घेतो." मी म्हटले, "मग एकदा मुलांना येऊन सांगाल? मी सांगितले तर ती परक्या बाईची गोष्ट होते."

ते आले. बर्फातून, काठी टेकत. मुलांनी गादी मांडली. ते तिच्यावर न बसता मुलांच्यात जमिनीवर बसले आणि त्यांनी लडाखीत गोष्ट सांगितली. मला अर्धीच कळली. पण त्या दिवशी लोहाराची मुलगी आईबरोबर दारापर्यंत आली होती. आईने तिला आत सोडले. मी तिला काही म्हटले नाही. कुठे बसायचे ते तिने ठरवावे म्हणून मी फळ्याकडे वळले. मागे वळून पाहिले तेव्हा ती बुखारीच्या दुसऱ्या बाजूला बसून लामांकडे पाहत होती.

मग मी बसायची पद्धतच बदलली. बुखारीभोवती गोल, आणि रोज प्रत्येकाने एक जागा पुढे सरकायचे. गोलाला ना वरचे टोक, ना दार. फेब्रुवारीत लेहहून एक गाडी आली तिच्याबरोबर मी एकसारखे बारा स्टीलचे पेले मागवले. धुवायचे एकत्र, कोणाचा कोणता ते कोणालाच ओळखू यायचे नाही. एकेक करून नऊ मुले परत आली. दोन शेवटपर्यंत आली नाहीत. त्यांच्या घरी मी दोनदा गेले, चहा मिळाला, मुले मिळाली नाहीत.

फेब्रुवारीच्या अखेरीला गावात लग्न निघाले. पुन्हा डल. पुन्हा मोन आणि गारा दाराजवळ. मला लामांशेजारी बोलावले. मी जुले केले आणि दाराजवळ जाऊन लोहाराच्या शेजारी बसले. ढोल क्षणभर चुकला. लामांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, पण ते जागेवरच राहिले. कोणी उठून खाली आले नाही. थोड्या वेळाने गोबांचा सात वर्षांचा नातू चहाचा पेला सांभाळत आला आणि माझ्या व लोहाराच्या मधे घुसून बसला. त्याला मॅडमजवळ बसायचे होते, एवढेच. आजोबांनी वरून पाहिले. मी वाट पाहत होते की आता हाक येईल.

हाक आली नाही.

बंधुभगिनींनो, एका हिवाळ्यात मी गाव बदलले असे मी म्हणत नाही. पंगत तशीच राहिली. बदलली ती एक खोली, बारा पेले आणि बहुधा मी. घरात बुद्ध असला म्हणून समता आपोआप येत नाही, हे मी तिथे शिकले. आणि हे शिकण्यासाठी लडाखलाच जायला हवे होते असेही नाही. आपल्याकडेही मुलीचे स्थळ पाहताना पोटजात हळूच विचारली जातेच ना? विहारात सगळे एकत्र वंदना म्हणतात, आणि घरी आल्यावर 'त्यांच्यात द्यायची नाही' म्हणतात. ती आपली दाराजवळची जागा. ती आपण कधी मोडणार?

मी परत आले तेव्हा वडील स्टेशनवर होते. त्यांनी विचारले, "काय गं, परकं वाटलं का?" मी म्हटले, "पाच दिवस वाटलं. बाकी नाही."

माझ्या पिशवीत आबि-लेंनी दिलेले वाळवलेले जर्दाळू होते, आणि वहीत एका मुलीने भोटीत आणि मराठीत शेजारी शेजारी लिहून दिलेली चार अक्षरे. क ख ग ङ. ती वही अजून माझ्याजवळ आहे.